उतार कुणी बघायचा?

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक पाटकरी होता. पाट म्हणजे बसायचा नव्हे हं, पाण्याचा. पावसाळा सरला की गावकरी वर डोंगरातल्या ओढ्याला बंधारा घालत आणि तिथून डोंगराच्या कडेकडेने लांबच लांब चारी खणून पाणी खाली गावात आणत. हाच पाट. हिवाळ्यातली मिरची, वांगी, वाल, केळी, सगळं त्या पाण्यावर जगायचं. पावसात पाट कुठे ढासळायचा, कुठे गाळाने भरायचा, म्हणून दरवर्षी तो नव्याने बांधावा लागे. आणि तो कसा बांधायचा हे सबंध गावात एकाच माणसाला ठाऊक होतं.

त्या माणसाला सगळे बुवा म्हणत. वयाने सत्तरीचा, अंगाने काटक आणि जिभेने तिखट. पाटाचं काम निघालं की पहाटे कोंबड्याच्या आधी हा अंगणात उभा. मनाने वाईट मुळीच नव्हता, पण आपल्यावाचून गावाचं पान हलत नाही हे त्याला फार आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

आता पाट बांधायचा म्हणजे उतार आला. उतार जास्त झाला तर पाणी धावत सुटतं आणि कडा खणून काढतं. कमी झाला तर जागच्या जागी बसून राहतं. तो नेमका उतार धरायची विद्या बुवाच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे आलेली होती, आणि तिच्याबरोबर एक नियमही आला होता. पाटकरी उतार धरत असताना बाकीच्यांनी तोंडं फिरवायची. कुणी बघितलं तर पाणी बुजतं, पुढे येत नाही.

गावानेही कधी हुज्जत घातली नाही. बुवा जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं आपलं ते लांबुडकं सामान सोडू लागला की चाळीस-पन्नास माणसं एकदम डोंगराकडे तोंड करून उभी राहत. कुणी जांभया देई, कुणी पाठ खाजवी. मागून "धरला रे!" अशी हाळी आली की वळायचं आणि बुवाने ठोकलेल्या खुंट्यांच्या हिशेबाने खणायला लागायचं.

तरण्या पोरापोरींच्या वाट्याला यातलं काय येई? दगड. ओढ्यातून दगड उचला, वर आणा, बुवा दाखवील तिथे टाका. त्यांच्यात एक गुणाजी होता, त्याला दिवसातून दहा वेळा प्रश्न पडत.

"बुवा, खुंटी इथेच का? हातभर वर का नाही?"

"दगड उचल."

"नाही, पण का?"

"दगड उचल म्हटलं ना!"

झालं, शिकवणी संपली. बुवाला मुलगा नव्हता. दोन मुली होत्या, त्या लग्न होऊन लांब गेल्या. विद्या कुणाला तरी द्यायला हवी हे त्याला कळत होतं, पण लायक माणूस काही सापडत नव्हता. एक फार हसतो, दुसरा फार बोलतो, तिसरा डावरा आहे. अशी वीस वर्षं शोधाशोध चालली होती.

त्या वर्षी पावसाळा संपला, भात कापून झालं, घरोघरी वाफ्यांत मिरची-वांग्याची रोपं टाकून झाली. आता आठ-दहा दिवसांत पाट आला पाहिजे, म्हणजे रोपं शेतात लावता येतील. आणि नेमका तेव्हाच बुवा आपल्याच अंगणात शेवाळावरून घसरला. कशासाठी धावत होता? तर कावळ्याने पापड पळवला म्हणून! पाय मुरगळून भोपळ्याएवढा सुजला आणि कंबर अशी धरली की वाकायची सोय राहिली नाही. वैदूने पाला बांधला आणि बजावलं, "महिनाभर वाकायचं नाही, पालथं पडायचं नाही."

"आणि पाट?" बुवाने विचारलं.

"पाटाला माझ्याकडे पाला नाही," वैदू म्हणाला आणि निघून गेला.

गावात काळजी पसरली. विहिरी खोल आणि लहान, त्यांचं पाणी पिण्यापुरतं. तरण्या मंडळींनी तर सरळ सांगून टाकलं, "पौर्णिमेपर्यंत पाट आला तर ठीक. नाही आला तर आम्ही बाजारगावी चाललो. इथे दगड वाहायचे, तिथे पोती वाहू. तेवढाच काय तो फरक." आता तरणे हातच गेल्यावर पुढच्या वर्षी बंधारा कोण घालणार? एकदा बंद पडलेला पाट परत सुरू व्हायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बुवा उसळला. "मी मेलो नाही अजून! डोली बांधा!"

डोली बांधली. बुवाला तिच्यात बसवून पोरांनी डोंगरावर नेलं. पहिल्या वळणावर त्याने सामान मागितलं आणि फर्मान सोडलं, "तोंडं फिरवा!"

सगळ्यांनी फिरवली. मागे लुगडं सोडल्याची खसखस झाली. मग कण्हणं ऐकू आलं. मग धप्प. आणि मग, "अयाई गं!"

गुणाजी न वळता ओरडला, "बुवा, काय झालं? बघू का?"

"खबरदार बघशील तर!"

"पडलात का?"

"पडलो नाही, पालथा झालोय. आता उठता येत नाही."

"मग उचलू का?"

"उचला. पण न बघता उचला!"

आता सांगा, न बघता माणूस कसा उचलायचा? चार जण पाठमोरे, पाऊल पाऊल चाचपडत मागे सरकले. एकाचा पाय बुवाच्या हातावर पडला, दुसरा पहिल्यावर आपटला, तिसरा सरळ चारीत बसला. बुवा किंचाळतोय, पोरं हसू दाबतायत, आणि शेळ्या राखणारी येसू डोळे गच्च मिटून म्हणतेय, "बुवा, तुमचं डोकं कुठल्या बाजूला आहे तेवढं तरी सांगा!" शेवटी कसाबसा त्याला डोलीत घातला आणि मिरवणूक घरी परत आली. उतार काही धरला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी बुवाने ओसरीवर बसून हुकूम सोडला, "अंदाजाने खणा. इतकी वर्षं बघताय."

"पण बुवा, आम्ही बघितलंच नाही," गुणाजी म्हणाला. "आम्ही डोंगर बघितला. डोंगर विचारा, पाठ आहे."

तरी खणला पोरांनी. तीन दिवस खपून खणला. बंधाऱ्याचं तोंड उघडलं तेव्हा पाणी मोठ्या दिमाखात निघालं, तिसऱ्या वळणापर्यंत आलं आणि थांबलं. तिथे त्याचं एक डबकं झालं. संध्याकाळच्या आत त्यात दोन बेडूक राहायलाही आले.

येसूने येऊन सांगितलं, "बुवा, पाणी बसलं." एवढंच म्हणाली ती, पण तिचा चेहरा पडला होता. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती.

बुवाने नजर वळवली. अंगणाच्या कडेला त्याची म्हातारी वाडग्याने मिरचीच्या रोपांना पाणी घालत होती. प्रत्येक रोपाला मोजून एक घोट. अर्धी रोपं माना टाकून बसली होती. बुवाला ते बघवेना. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आपल्या बापाने, आज्याने चालवलेला पाट आपल्या हयातीत आटणार!

"दाखवावं का गं पोरांना?" त्याने हळूच विचारलं. "पण पाणी बुजलं तर?"

म्हातारीने वाडगं खाली ठेवलं. "बुजत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मी बघते ना. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून बघते. तुमची भाकरी घेऊन यायचे तेव्हा करवंदीच्या जाळीमागून बघायचे. एकदासुद्धा चुकवलं नाही. बुजलं का पाणी कधी?"

बुवाचं तोंड उघडं ते उघडंच. "अगं, चाळीस वर्षं?"

"बेचाळीस."

"मग आधी बोलली का नाहीस? आणि एवढं बघितलंस तर तुलाच येत असेल की उतार धरायला!"

"कुठलं हो! लांबून मला काय दिसायचं? तुम्ही बेडकासारखे पालथे पडलेले दिसायचे. खाली काय मोजता ते जवळ बसवून कुणी सांगितल्याशिवाय कसं कळेल?" आणि ती परत वाडगं उचलून पाणी घालू लागली. "माझ्या मिरच्या मरतायत, एवढंच मला कळतं."

 बुवाने काठी आपटली आणि हाक मारली, "गुणाजी! सगळ्यांना बोलाव. डोली बांध."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा तीच वरात डोंगरावर गेली. या खेपेला म्हातारीही बरोबर होती. पहिल्या वळणावर बुवाने लुगड्याची गाठ सोडायला हात घातला मात्र, सगळी पोरं सवयीने गर्रकन वळली.

"इकडे बघा," बुवा म्हणाला.

कुणी हलेना. त्यांना वाटलं, म्हातारा परीक्षा बघतोय.

"अरे, इकडे बघा म्हणतो ना! म्हातारा माणूस काकुळतीला आलाय, आणि तुम्ही डोंगर काय बघताय!"

एकेक जण बिचकत वळला. बुवाने लुगडं सोडलं. आत होता सहा हात लांबीचा, उभा चिरलेला अर्धा बांबू, दोन्ही टोकांची पेरं शाबूत ठेवलेला. आणि लाकडाचा एक लहानसा तुकडा, भाताच्या दाण्याच्या उंचीचा.

सुतारकाम करणारा धाकू वाकून बघत म्हणाला, "एवढंच?"

बुवाला ते लागलं. पण त्याने गिळलं. "एवढंच. आता ऐका. बांबू चारीत ठेवायचा, काठोकाठ पाणी भरायचं. पाणी पुढे चाललंय त्या टोकाखाली हा तुकडा घालायचा. मग पालथं पडून डोळा पाण्याला लावायचा. दोन्ही टोकांना पाणी सारखं काठाला टेकलं, की उतार बरोबर. एका बांबूमागे एक दाणा उतार. एकावर चाललं तर पाणी शहाण्यासारखं चालतं. दोन दाणे झाले की उधळतं. दाणाच नसला की बसतं."

गुणाजी झटकन पालथा पडला. "म्हणजे खुंटी तिथेच का, ते यावरून!" असा चेहरा उजळला त्याचा, जसं काही घबाडच सापडलं.

मग शिकवणी सुरू झाली, आणि बुवाच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दोन दिवस सुरू झाले. कारण पोरं चुकत. धाकूने तुकडा उलट्या टोकाखाली घातला, बुवा ओरडायला तोंड उघडणार तोच म्हातारीने त्यात सुपारी कोंबली. "चावा," ती म्हणाली. "बोलू नका. त्यांचं त्यांना दिसू दे." बुवा डोळे वटारून सुपारी चावत राहिला. थोड्या वेळाने धाकूच म्हणाला, "छे, अशाने पाणी परत ओढ्यात जाईल," आणि त्याने तुकडा काढून दुसरीकडे घातला. बुवाने सुटकेचा असा निःश्वास सोडला की सुपारीच बाहेर पडली.

एकदा उतार कळल्यावर मात्र पोरांची डोकी भराभर चालू लागली. धाकू म्हणाला, "एकाच बांबूवर सगळ्यांनी का खोळंबायचं? मी आणखी चार करतो." त्याने केले, अगदी मापात. पाच टोळ्या झाल्या. गुणाजीने नियम घातला की एका टोळीने धरलेला उतार दुसरीने तपासायचा, चूक सापडली तर भांडायचं नाही, परत मोजायचं. भांडणं झालीच, पण मोजल्यावर मिटायची.

येसूचं काम निराळंच निघालं. रोज शेळ्यांमागे हिंडून तिला डोंगराचा कोपरान् कोपरा पाठ होता. ती म्हणाली, "बुवा, चौथ्या वळणावर दरवर्षी कडा फुटते ना? तिथे खेकड्यांची बिळं आहेत. वरून माती टाकून काय उपयोग? त्यांची जागा त्यांना ठेवू, आपण पाट दोन हात आत घेऊ." बुवाला चाळीस वर्षं ती फुटकी कडा लिंपून लिंपून वीट आला होता. बिळं आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं!

मग ती बंधाऱ्याकडे वळली. तो अजून कच्चाच घातलेला होता. "आणि दरवर्षी बंधाऱ्याला पंधरा-वीस कोवळी झाडं का तोडायची? ओढ्याकाठी निर्गुडी माजलीय. माझ्या शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत. तिच्या फांद्या विणून घालू, छाटली की ती परत फुटते."

"झाडंच घालायची असतात," बुवाच्या तोंडून सवयीने गेलं.

"का?" गुणाजीने विचारलं.

बुवा विचारात पडला. डोकं खाजवलं. कारण सापडेना. "ठाऊक नाही," तो म्हणाला. सत्तर वर्षांत हे दोन शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारले असतील. आकाश काही कोसळलं नाही. मग तोही हसला. "घाला निर्गुडी. बघू."

जे काम बुवा एकटा उतार धरून आठ दिवसांत उरकायचा, ते तिसऱ्या दिवशी दुपारी संपलं. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. बंधाऱ्याचं तोंड येसूने उघडलं. पाणी निघालं. सगळं गाव कडेकडेने त्याच्याबरोबर चालू लागलं, बुवाची डोली सगळ्यांत पुढे. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर सगळे वाकून बघू लागले. पाणी क्षणभर घुटमळलं, सुकी पानं त्यावर गोल फिरली, आणि मग गुपचूप पुढे सरकलं. चौथं वळण, पाचवं, आणि आलं की गावात!

काय आरडाओरडा झाला म्हणता! कुणी चारीत नाचलं, कुणी धाकूला उचलून पाण्यात टाकलं. म्हातारी तेवढी कुणाकडे न बघता फावडं घेऊन आपल्या मिरच्यांकडे पळाली. आणि बुवा डोलीत बसून रडला. आनंदाने रडला, पण थोडं वाईटही वाटलं त्याला. एवढी वर्षं ही पोरं समोर उभी होती, आणि आपण त्यांच्या पाठी बघत बसलो.

बाजारगावी कुणी गेलं नाही असं मात्र नाही हं. दोघं गेले, त्यांना जायचंच होतं. बाकीचे राहिले. त्यांना आता दम निघेना. पाट आणखी वर कसा घेता येईल, कमी पाण्यात जास्त वाफे कसे भिजतील, यावर त्यांच्या रोज बैठका होऊ लागल्या. बुवा त्यांत बसायचा. कधी त्याचं ऐकत, कधी ऐकत नसत. ऐकलं नाही की तो फुगायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा.

दोन-तीन वर्षं अशी गेली. एके दिवशी डोंगरापलीकडच्या गावचा एक माणूस चालत आला. त्यांचाही पाट मोडला होता आणि त्यांच्याकडे जाणतं कुणी उरलं नव्हतं. बुवा पाटाच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसला होता.

"राम राम," तो माणूस म्हणाला. "या गावात एक नामी पाटकरी आहे म्हणे. कुठे भेटेल?"

"कुठला पाहिजे?" बुवाने विचारलं. "अकरा आहेत."

"अकरा?" पाहुणा चक्रावला. "अहो, आमच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, एकच आहे म्हणून!"

"एकच होता. मग शहाणा झाला."

पाहुणा समोर बघू लागला. वरच्या वळणावर आठ-दहा जण वाकून, पालथे पडून, एकमेकांवर ओरडत, हसत काम करत होते. "मग असं करा," तो म्हणाला, "यांच्यात सगळ्यांत चांगला कोण, तेवढं सांगा. त्याला न्यायला आलोय असं समजा."

बुवाने डोळ्यांवर हात धरला. येसूकडे बघितलं, धाकूकडे बघितलं, नव्याने आलेल्या दोन लहान पोरींकडे बघितलं.  मग त्याचे डोळे पाणावले आणि तो खदखदून हसला.

"काय सांगू पाहुणे," तो म्हणाला, "आता ते माझं मलाच कळेनासं झालंय. कुणीही दोघं घेऊन जा. फक्त आठ दिवसांत परत धाडा, आमच्या मिरच्या तोडायला आल्यात."

तात्पर्य: तरुणांना नुसतं राबायला बोलावू नये, कामातलं इंगितही त्यांच्या हाती द्यावं, म्हणजे ते एकमेकांच्या साथीने ते वाढवतात, आणि गावाचं पाणी पिढ्यान् पिढ्या वाहतं राहतं.